खिडक्या अनेक, दप्तर एक

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

दिवाळीच्या सुटीत मी आजोळी गेले होते. माझे आजोळ मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, जसोंडी या गावी. केळी आणि कापूस पिकवणारा हा मुलूख. मराठी, हिंदी आणि निमाडी या तिन्ही भाषा तेथे सुखाने एकत्र नांदतात. मामेभाऊ नुकताच बारावी होऊन महाविद्यालयात दाखल झाला होता आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची त्याची धांदल चालली होती. अर्ज अर्थातच संगणकावरचा. नाव, पत्ता, गुण, बँकेचा खातेक्रमांक हे सारे भरून झाले. मग छायाचित्र, गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला अशी तीन कागदपत्रे अपलोड करायची होती. तीही झाली. 'यशस्वी' असा हिरवा शेरा पडद्यावर उमटला.

पुढचे पान उघडले तो काय! छायाचित्राची चौकट रिकामी. त्याने पान पुन्हा उघडले, तर छायाचित्र जागेवर हजर. तिसऱ्यांदा उघडले, पुन्हा गायब. मामा जवळच बसले होते. ते म्हणाले, "अरे, तूच काहीतरी चुकवलं असशील. नीट वाचून भर."

"नाही हो बाबा, आत्ता दिसत होतं! ताई, तूच सांग."

मी तरी काय सांगणार? अखेर एकदा तिन्ही कागद दिसले, तेवढ्यात त्याने अर्ज पाठवून दिला. आठ दिवसांनी उत्तर आले, 'उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही.' मदतकेंद्राला फोन केला, तर 'पुन्हा जोडा' एवढेच उत्तर. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दाखला पुन्हा जोडला आणि अर्ज एकदाचा मार्गी लागला. परंतु त्या आठवड्यात घरात जो तो त्या मुलालाच दोष देत होता. मुलालाही वाटू लागले की चूक आपलीच. ते संकेतस्थळ कोणते, हे येथे सांगण्याचे कारण नाही. नेमके काय बिघडले होते हे ते चालवणाऱ्यांनाच ठाऊक. पण 'एकदा दिसते, एकदा दिसत नाही' हे लक्षण संगणकाच्या जगात फार ओळखीचे आहे, असे आमच्या महाविद्यालयातील संगणकाच्या प्राध्यापकांनी मला सांगितले. त्या लक्षणामागचे कारण, त्यावरचे उपाय आणि त्या उपायांची किंमत आपल्या वाणिज्य शाखेच्या भाषेत समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. मोठ्या संकेतस्थळामागे एकच संगणक नसतो. शेवटच्या तारखेला हजारो विद्यार्थी एकदम येतात, आणि एका यंत्राला ती गर्दी आवरत नाही. शिवाय तेच एक यंत्र बंद पडले तर सारे कामच ठप्प होते. म्हणून एकाच प्रकारची चार-सहा यंत्रे शेजारी शेजारी मांडतात. या प्रत्येक यंत्राला सर्व्हर म्हणतात आणि अशा समूहाला क्लस्टर. या समूहाच्या दारात एक वाटाड्या बसवलेला असतो, त्याचे नाव लोड बॅलन्सर. येणारी प्रत्येक विनंती तो कोणत्या ना कोणत्या सर्व्हरकडे पाठवतो. पुष्कळदा पाळीपाळीने पाठवतो, पहिली पहिल्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. आपल्याला वाटते आपण एकाच ठिकाणी बोलत आहोत. प्रत्यक्षात प्रत्येक पानाला खिडकी बदललेली असते.

आता आपण अपलोड केलेला कागद कोठे जातो? साध्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, ज्या सर्व्हरने तो घेतला त्याच्याच डिस्कवरील एका फोल्डरमध्ये. एकच सर्व्हर असेतो यात काही बिघडत नाही. पण दुसरा सर्व्हर आला की पंचाईत होते. दोघांचा प्रोग्रॅम सारखा, दोघांचा डेटाबेसही एकच. म्हणून नाव, पत्ता, गुण कोठूनही पाहिले तरी बरोबर दिसतात. फक्त फोल्डर मात्र ज्याचे त्याचे वेगळे. नोंद सांगते 'छायाचित्र आहे', पण दुसऱ्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ते नसते. मामेभावाच्या अर्जातील अक्षरे जागच्या जागी होती आणि चित्रे तेवढी लपंडाव खेळत होती, याचा उलगडा असा होतो.

संख्याशास्त्राच्या तासाला शिकलेला हिशेब येथे लावून पाहू. समजा सर्व्हर चार आहेत आणि फोल्डर सामाईक नाही. एखादा कागद मागितला असता तो नेमका त्याच सर्व्हरकडून मागितला जाण्याची संभाव्यता एक-चतुर्थांश. तीन कागद स्वतंत्रपणे मागितले, तर तिन्ही एका वेळी दिसण्याची संभाव्यता चौसष्टात एक! तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दाखला दिसला नाही यात त्याचा दोष नाही, आणि विद्यार्थ्याचाही नाही.

हाच प्रश्न आपल्या बँकांपुढे फार पूर्वी उभा होता. एके काळी खातेदार हा 'शाखेचा' खातेदार असे. खतावणी त्या शाखेत, आणि नमुना स्वाक्षरीचे कार्डही त्याच शाखेच्या कपाटात. दुसऱ्या शाखेत धनादेश घेऊन गेलात तर तेथील कारकून कितीही सज्जन असला तरी सही कशाशी ताडून पाहणार? कोअर बँकिंग आले, खाती आणि स्वाक्षरीची चित्रे मध्यवर्ती ठिकाणी गेली, आणि खातेदार शाखेचा न राहता बँकेचा झाला. धनादेशाच्या समाशोधनातही तेच घडले. २००८ साली दिल्लीत सुरू झालेल्या चेक ट्रंकेशन पद्धतीत कागदी धनादेश जेथे भरला तेथेच राहतो आणि त्याचे चित्र पुढे जाते. कागद हिंडवायचा नाही, पण हवा तेथे दिसला पाहिजे, अशी ही व्यवस्था.

मग संकेतस्थळांनी काय करावे? मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाची काही किंमत आहे.

पहिला मार्ग सर्वांत सोपा. वाटाड्यालाच सांगायचे की हा मनुष्य एकदा ज्या खिडकीवर गेला, त्याच खिडकीवर त्याला पुन्हा पाठव. याने अर्जदाराला त्याचे छायाचित्र नीट दिसते. पण अर्ज तपासणारा अधिकारी वेगळा मनुष्य आहे, तो दुसऱ्या खिडकीवर जाणारच. शिवाय ती खिडकी बंद पडली की तिच्याबरोबर तिच्या कपाटातील कागदही गेले. याने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

दुसरा मार्ग नकला काढण्याचा. प्रत्येक सर्व्हरने आपल्याकडील नवे कागद थोड्या थोड्या वेळाने इतरांकडे पाठवायचे. त्यासाठी आरसिंकसारखी साधने आहेत. हा प्रोग्रॅम १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तयार केला. फाइलचा जेवढा भाग बदलला असेल तेवढाच पाठवण्याची त्याची युक्ती वाखाणण्याजोगी आहे. परंतु नक्कल पोहोचेपर्यंतचा काळ हा धोक्याचा काळ. शाखा खात्यांमध्ये आपण 'मार्गस्थ माल' दाखवतो ना? मुख्य कार्यालयाने माल पाठवला, शाखेला तो अद्याप मिळाला नाही. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी खरी, पण एकमेकांशी जुळत नाहीत. तसेच येथे होते. पाच मिनिटांनी नकला निघत असतील, तर त्या पाच मिनिटांत कागद 'मार्गस्थ' असतो, आणि विद्यार्थी तर पाच सेकंदांतच पुढचे पान उघडतो. दुसरी गंमत खोडण्याची. एका सर्व्हरवरून कागद काढून टाकला, दुसऱ्यावर तो शिल्लक आहे. साधे साधन त्याला नवा कागद समजते आणि परत आणून ठेवते. काढलेला कागद भुतासारखा पुन्हा उभा राहतो. आणि सर्व्हर सहा असतील तर प्रत्येक कागदाच्या सहा प्रती, त्याची जागाही सहापट.

तिसरा मार्ग कागदच डेटाबेसमध्ये ठेवण्याचा. डेटाबेस सर्वांचा एकच असल्यामुळे वाटपाचा प्रश्न उरत नाही, आणि नोंद व कागद एकाच व्यवहारात लिहिले जातात, हा मोठाच लाभ. छोट्या कार्यालयाला, थोड्या आणि लहान कागदांना हे चांगले. पण लाखो छायाचित्रे आत कोंबली की डेटाबेस फुगतो, त्याची राखीव प्रत काढायला वेळ लागतो आणि साधे शोधकामही मंदावू शकते. रोजकीर्दीच्या पानालाच प्रत्येक बिल डकवत गेलो तर वही मिटणार कशी?

चौथा मार्ग सामाईक फोल्डरचा. एक वेगळे यंत्र केवळ कागद ठेवण्यासाठी नेमायचे आणि प्रत्येक सर्व्हरला ते आपलेच फोल्डर आहे असे वाटेल अशी जोडणी करायची. या कामासाठी प्रसिद्ध झालेली एनएफएस ही पद्धत अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली आणली. १९८२ मध्ये ही कंपनी स्थापन करणाऱ्यांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, ही आपल्याला सहज आनंद देणारी गोष्ट. या पद्धतीत प्रोग्रॅममध्ये फारसा बदल करावा लागत नाही, म्हणून जुन्या संकेतस्थळांना ती सोयीची पडते.

या मार्गाचे गुण आणि दोष मला पुस्तकापेक्षा बुऱ्हाणपुरातच जास्त नीट कळले. शिष्यवृत्तीचा घोळ निस्तरल्यावर मामा आम्हांला कुंडी भंडारा पाहायला घेऊन गेले. मोगल काळातील ही पाणीयोजना, जहांगीराच्या कारकिर्दीतली, साधारण १६१५ सालची. अब्दुर्रहीम खानखानान तेव्हा बुऱ्हाणपुरी होते. सातपुड्याच्या डोंगरांतून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवून, इराणी कनात पद्धतीने केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले आहे. त्या बोगद्यावर थोड्या थोड्या अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत, शंभराच्या आसपास. २०२४ साली या स्थळाचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. मामा एका कुंडीत डोकावून म्हणाले, "कुठल्याही कुंडीत बादली सोडा, पाणी एकच. वरून वेगळ्या दिसतात, खालून सगळ्या जोडलेल्या."

मला एकदम मामेभावाचे छायाचित्र आठवले. सर्व्हर म्हणजे कुंड्या आणि सामाईक फोल्डर म्हणजे खालचा बोगदा! आपल्या संकेतस्थळाच्या कुंड्या वरून सारख्या बांधल्या होत्या. खालचा बोगदा तेवढा खणायचा राहिला होता.

पण त्याच बोगद्याने दुसराही धडा दिला. पाण्यातील क्षारांमुळे आतल्या भिंतींवर चुन्याचे थर चढतात आणि वाट अरुंद होते. बोगदा तुंबला तर एक कुंडी कोरडी पडत नाही, त्याच्या पुढच्या साऱ्याच पडतात. सामाईक फोल्डरचे तसेच आहे. ते यंत्र बंद पडले की सहाच्या सहा सर्व्हर त्याची वाट पाहत खोळंबतात. म्हणून त्या यंत्राला जोडीदार लागतो, म्हणजे एक थांबले तर दुसरे काम उचलील. येथे खर्च वाढतो, आणि नेमका हाच खर्च पुष्कळदा 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून टाळला जातो.

पाचवा मार्ग अलीकडचा, ऑब्जेक्ट स्टोअरेजचा. येथे फोल्डर, उपफोल्डर हा पसारा नसतो. प्रत्येक कागदाला एक किल्ली, म्हणजे एक वेगळे नाव. किल्ली द्या, कागद घ्या. आत किती यंत्रे आहेत, प्रती कोठे ठेवल्या आहेत, हे सर्व्हरला कळण्याची गरज नाही. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री या नावाने ही सेवा विक्रीस आणली, आणि २०१६ पासून त्यांचे मुंबई केंद्रही सुरू झाले. टिकाऊपणाचे त्यांचे सांगणे असे की १ कोटी वस्तू ठेवल्या, तर सरासरी १०,००० वर्षांत एखादीच हरवण्याचा संभव. तरीही ही सेवा सर्वगुणसंपन्न मानण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२० पर्यंत तेथेही जुन्या कागदाच्या जागी नवा ठेवल्यावर काही क्षण जुनाच मिळण्याचा संभव असे. 'मार्गस्थ माल' एवढ्या मोठ्या पेढीलाही चुकला नव्हता. शिवाय दर महिन्याचे भाडे असते, आणि कागद परत काढून घेण्यालाही आकार पडतो. कराराचे बारीक टाइपातील कलम वाचण्याची सवय वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना असावी, ती येथे उपयोगी पडते.

कोणताही मार्ग घेतला तरी तीन पथ्ये सर्वांना सारखीच. पहिले नावाचे. प्रत्येक मुलगा आपल्या चित्राला 'फोटो' असेच नाव देतो. दप्तर सामाईक झाले की एकाचा 'फोटो' दुसऱ्याच्या 'फोटो'वर बसतो आणि शिष्यवृत्ती रामाची, चेहरा शामाचा असे होते. म्हणून दप्तरात ठेवताना प्रत्येक कागदाला नवे, पुन्हा कधी न येणारे नाव द्यायचे आणि मूळ नाव नोंदीत लिहून ठेवायचे. आमच्या घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलले जाते, म्हणून सांगते. फाइलला कन्नडमध्ये 'कडत' म्हणतात. चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून काळ्या केलेल्या कापडाच्या घड्यांवर जुने व्यापारी हिशेब लिहीत, ते कडत. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली. पण कडताला वेगळी खूण हवी, नाहीतर गठ्ठ्यात ते सापडायचे नाही, हा व्यवहार बदललेला नाही.

दुसरे पथ्य क्रमाचे. आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात की प्रमाणकाशिवाय नोंद नाही. आधी व्हाउचर, मग रोजकीर्द. संगणकातही आधी कागद दप्तरात पूर्ण पोहोचला पाहिजे, तो धड आहे की नाही हे ताडून पाहिले पाहिजे, मगच डेटाबेसमध्ये नोंद झाली पाहिजे, आणि 'यशस्वी' हा हिरवा शेरा सर्वांच्या शेवटी. क्रम उलटा केला आणि मध्येच वीज गेली, तर नोंद राहते आणि कागद नसतो. सुलट क्रमात फार तर एखादा कागद नोंदीविना पडून राहील. तो नंतर झाडून काढता येतो. पहिल्या चुकीची शिक्षा विद्यार्थ्याला, दुसरीची फक्त डिस्कला. यांपैकी कोणती पत्करायची, हे सांगायला हवे का?

तिसरे पथ्य राखीव प्रतीचे. दप्तर सामाईक केले, त्याच्या जागच्या जागी दोन-तीन प्रती केल्या, म्हणजे राखीव प्रत झाली असे नव्हे. कोणी चुकून कागद खोडला तर तो सर्व प्रतींतून तत्काळ खोडला जातो. जुन्या तारखेची, दूर ठेवलेली, वेगळी प्रत हीच खरी राखीव प्रत.

कागद ठेवला, आता तो दाखवायचा कसा? महाविद्यालयाचे माहितीपत्रक सर्वांसाठी असते. त्याच्या प्रती वाचकाच्या जवळच्या केंद्रांवर ठेवल्या तर ते झटपट उघडते आणि मूळ सर्व्हरवर भार पडत नाही. फक्त माहितीपत्रक बदलले की त्याला नवे नाव द्यावे, नाहीतर जुनी प्रतच लोकांना मिळत राहते. उत्पन्नाचा दाखला मात्र खाजगी. तो उघड्या फोल्डरमध्ये ठेवून चालत नाही. येथे प्रोग्रॅमने आधी पाहायचे की मागणारा कोण आणि त्याला अधिकार आहे काय, मग काही मिनिटांपुरताच चालणारा, सही केलेला दुवा त्याच्या हाती द्यायचा, गोदामाच्या गेटपाससारखा. पास देणारा वेगळा, माल काढून देणारा वेगळा. त्यामुळे प्रोग्रॅम ओझी वाहण्यात अडकत नाही आणि तपासणीही सुटत नाही.

याच्याही पुढचे पाऊल म्हणजे कागद पुन्हा पुन्हा अपलोड करण्याची गरजच न ठेवणे. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या डिजिलॉकरचा विचार हाच आहे. परीक्षा मंडळाने दिलेली गुणपत्रिका मंडळाच्याच नोंदींतून येते, विद्यार्थ्याने छायाचित्र काढून चढवावी लागत नाही. २०१६ च्या नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशी पत्रे मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात. ज्याचा कागद त्याच्याकडेच राहावा, इतरांनी तो तेथून पाहावा. दहा कार्यालयांत दहा प्रती कशाला?

वाचकहो, हा सारा विषय यंत्राचा वाटेल, पण त्याच्या मुळाशी एक साधा व्यवहार आहे. ज्याने आपला कागद घेतला आणि पोच दिली, त्याने तो सांभाळला पाहिजे. आणि त्याच्या कोणत्याही खिडकीवर आपण गेलो तरी तो सापडला पाहिजे. पूर्वी कचेरीत खेटे घालताना 'तो बाबू आज रजेवर आहे, कपाटाची किल्ली त्याच्याकडेच आहे' असे ऐकावे लागे. संगणकाने बाबू नाहीसा केला, पण दप्तर सामाईक केले नाही तर किल्ली तिथेच अडकते. तीही अशी, की ती कोणाजवळ आहे हे अर्जदाराला कळतसुद्धा नाही.

आपल्यापैकी काहीजण उद्या बँकेत, कचेरीत, विद्यापीठात अशा व्यवस्थांची खरेदी आणि तपासणी करतील. संगणकाचे सारे अंतरंग आपल्याला कळणार नाही, कळण्याची आवश्यकताही नाही. पण चार प्रश्न आपण विचारू शकतो. एका सर्व्हरवर ठेवलेला कागद दुसऱ्यावरून लगेच दिसतो का? दप्तराचे यंत्र बंद पडले तर काय होईल? पोच कागद ठेवल्यावर देता की आधीच? आणि राखीव प्रत उघडून पाहिली आहे काय? त्यांची उत्तरे कार्यान्वयनाच्या दिवशी न घेता निविदेच्या दिवशीच घ्यावीत.

निघताना मामेभावाने मला विचारले, "ताई, म्हणजे चूक माझी नव्हती ना?" मी म्हटले, "नाही रे." मामांनी हे ऐकले. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षीच्या अर्जाच्या वेळी प्रत्येक पानाचे आणि पोचपावतीचे चित्र काढून ठेवायचे, असे त्यांनीच त्याला बजावून सांगितले. बोगदा खणला जाईपर्यंत आपली बादली आपण जपावी, हे त्यांचे म्हणणे मला तरी पटले.